मदत हवी आहे: केपटाऊन, वाइनरी आणि क्रुगर... दिवाळीत की मे महिन्यात?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

घरात सध्या एकाच विषयावर चर्चा (वाचा: वाद) चालू आहे, म्हणून इथे विचारतेय. पहिल्यांदाच दक्षिण आफ्रिकेला जायचं मनात आहे. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या, ठणठणीत, पण गुडघे कुरकुरतात आणि अंडंसुद्धा चालत नाही. नवऱ्याला सिंह बघायचाय, मला वाइनरी, मुलाला पेंग्विन आणि सासूबाईंना "मंडेलांना ठेवलं होतं ते बेट". चौघांचंही एकाच देशात जमतंय म्हणून तर तिकडे जायचं.

ओळखीच्या एका टूरवाल्याला विचारलं, तर त्याने जोहान्सबर्ग, सन सिटी, शहामृगांची शेती, नाइस्ना आणि केपटाऊन असा भरगच्च कार्यक्रम हातात ठेवला. रोज बॅगा भरा, बसमध्ये बसा. त्यात वाइनरी अर्धा दिवस आणि सफारी पिलानेसबर्गला एक. म्हणून स्वतःच आखायचं ठरवलं. हाताशी साधारण बारा रात्री आहेत.

खरी अडचण महिन्याची. सगळीकडे वाचते तर केपटाऊनला जायचं ते नोव्हेंबर ते मार्च, कारण तिथला पाऊस जून-ऑगस्टमध्ये. आणि सफारीसाठी क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जायचं ते मे ते सप्टेंबर, कारण तिथे पाऊस नेमका त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे एक जागा छान असते तेव्हा दुसरी नसते! शाळेमुळे आमच्यापुढे दिवाळी किंवा मे एवढेच पर्याय. दिवाळीत दोन्हीकडे बरं असतं म्हणतात, पण आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झालेली, फुटवे निघालेले, ढग आले की डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी रात्री-अपरात्री फवारणी. अशा वेळी बाग दिरांच्या गळ्यात मारून आम्ही वाइन प्यायला गेलो तर परत घरात कोण घेईल? मेमध्ये खरड छाटणी (द्राक्षं काढून झाल्यावरची) उरकलेली असते, तेव्हा निघता येतं.

तर, मेमध्ये केपटाऊन अगदीच वाया जाईल का? क्रुगरला स्वतः गाडी चालवावी की खाजगी लॉज घ्यावा? आणि शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं?

गोरखचिंच

जोहान्सबर्गला राहतो, त्यामुळे थोडं पक्षपाती उत्तर. मे घ्या, डोळे झाकून. फक्त एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येऊ नका. २७ एप्रिलला फ्रीडम डे आणि १ मेला कामगार दिन, दोन्ही इथे सुट्ट्या. अख्खा देश जोडून रजा घेतो आणि क्रुगरचे कॅम्प भरून जातात. त्यानंतरचे दोन आठवडे उत्तम. गवत वाळू लागलेलं असतं, झुडपं विरळ होतात, जनावरं पाणवठ्याकडे वळतात.

केपटाऊनला मेमध्ये पावसाच्या सरी येतात, पण आपल्या जुलैसारखी झड नसते. एक-दोन दिवस वारा-पाऊस, मग लख्ख ऊन. म्हणून टेबल माउंटनचा दिवस आधीपासून ठरवून ठेवू नका. वारा वाढला की केबल कार बंद करतात, वर ढगाची चादर पसरली तर वर जाऊनही काही दिसत नाही. सकाळी उठून डोंगराकडे बघायचं, मोकळा दिसला की बाकी सगळं सोडून आधी तिकडे पळायचं. वर जाताना केबिनमधली जमीन गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी भांडण नाही. वर पायवाटा बऱ्यापैकी सपाट आहेत, सासूबाईंना जमेल. सासूबाईंचं बेट म्हणजे रॉबेन, त्याची बोट मात्र आधी बुक करावीच लागते. वॉटरफ्रंटवरून सुटते, जाऊन-येऊन साडेतीन तास लागतात, तुरुंग दाखवायला पूर्वी तिथेच राजकीय कैदी असलेले लोक असतात. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, म्हणून ती मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

पेंग्विन सायमन्स टाउनजवळ बोल्डर्स बीचला. त्याच दिवशी चॅपमन्स पीकच्या रस्त्याने केप पॉइंट होतो. (आफ्रिकेचं दक्षिण टोक ते नव्हे, ते अगुल्हास. मुलाच्या भूगोलासाठी सांगून ठेवतो.)

द्राक्षासव

द्राक्षबागवाल्यांनी वाइनरी बघायला जायचं, ही सहल मला फारच आवडली!

मेमध्ये तिकडची तोडणी संपलेली असते (तीही आपल्यासारखीच जानेवारी ते मार्च), वेलींची पानं पिवळी-तांबडी झालेली असतात आणि टेस्टिंगला गर्दी कमी. तुमच्या घरच्यांना खरी गंमत वेगळीच वाटेल. तिथे वर्षातून एकच छाटणी, तीही हिवाळ्यात. आणि काही जुन्या बागांना ना मांडव, ना वाय (Y आकाराचा आधार), ना तारा. गुडघ्याएवढ्या उंचीचं जाड खोड आणि त्यावर झुडपासारखा वेल. शेनिन ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन आपण नाशिकला पितोच, पण जगात तिची सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेतच आहे. अशा जुन्या वेलींची शेनिन मागून प्या. पिनोटाज ही तिथलीच जात, १९२५ मध्ये स्टेलनबॉशला पिनो न्वार आणि सिन्सो यांच्या संकरातून तयार झालेली. पहिल्या घोटाला जरा धुरकट लागते, लगेच नाक मुरडू नका.

टेस्टिंग करून गाडी चालवायची नाही, तिथले पोलिसही याबाबत कडक आहेत. फ्रान्शहुक या वाइनरींच्या गावात दोन रात्री राहा आणि वाइन ट्रामचं तिकीट काढा. ट्राम आणि बस मिळून एकेका वाइनरीला सोडतात, हव्या तितक्या वेळाने पुढची पकडायची. मुलासाठी पार्लची फेअरव्ह्यू: चीज, आणि चक्क बकऱ्यांसाठी बांधलेला मनोरा. त्याच्या गोल जिन्यावरून बकऱ्या वर चढून खाली उभ्या असलेल्या माणसांकडे तुच्छतेने बघत रवंथ करतात. फ्रान्शहुक जमलं नाहीच, तर ग्रूट कॉन्स्टॅन्शिया केपटाऊनच्या हद्दीतच आहे, १६८५ ची. सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना नेपोलियन कॉन्स्टॅन्शियाची गोड वाइन मागवायचा.

सासूबाईंना त्या दिवशी कर्स्टनबॉश बागेत न्या. वाइनरीत उगीच बसवून ठेवू नका.

भटकभवानी

क्रुगरबद्दल मी लिहिते. आम्ही स्वतः गाडी चालवली. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, डांबरी रस्त्यावर ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० ची मर्यादा, त्यामुळे नवऱ्याला अजिबात अवघड जाणार नाही. अवघड जातं ते वेळ पाळणं. मेमध्ये दरवाजे सकाळी ६ ला उघडतात आणि संध्याकाळी ५:३० ला बंद. उशीर झाला तर दंड. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, म्हणजे नाही.

मुक्काम स्कुकूझा आणि लोअर साबी या क्रुगरमधल्या कॅम्पांत. मधला रस्ता नदीकाठाने जातो, तिथे बिबट्यासाठी लोक चकरा मारत असतात. लोअर साबीच्या जवळच सनसेट डॅम आहे, तिथे मात्र चकरा नकोत. इंजिन बंद करून काचा अर्ध्या खाली घ्या आणि बसून राहा. पाणगेंडे नुसत्या नाकपुड्या वर काढून फुस्स करतात, एखादा बगळा त्यांच्या पाठीवर उभा राहून मासे टिपत असतो, काठावर ओंडका म्हणून जे दिसतं ते हळूच पाण्यात सरकतं. सिंह दिसेल न दिसेल, हे हमखास.

खाण्याचं म्हणाल तर कॅम्पमधलं स्वयंपाकघर असलेलं घरकुल घ्या. गॅस किंवा हॉटप्लेट, भांडी, फ्रिज सगळं असतं. कॅम्पच्या दुकानात तांदूळ, बटाटे, टोमॅटो, दूध मिळतं. छोटा कुकर मात्र नाशिकहूनच न्या.

लॉजचं म्हणाल तर साबी सँड या खाजगी राखीव जंगलातले लॉज क्रुगरला लागूनच आहेत, मध्ये कुंपण नाही, आणि त्यांच्या गाड्या रस्ता सोडून झुडपात शिरतात. बिबट्या तिथे फार जवळून दिसतो, पण चौघांचा खर्च ऐकून नवरोबांचा सिंह मावळेल. त्यापेक्षा कॅम्पमधूनच पार्कवाल्यांच्या उघड्या गाडीतली पहाटेची फेरी बुक करा. सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, तुमचा चालेल. पहाटे कडाक्याची थंडी वाजते, कानटोप्या हव्यातच.

आणि हो, क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. डॉक्टर "आपल्याकडे काय कमी डास आहेत?" म्हणून हसण्यावारी नेतील, पण मुलाच्या वजनाप्रमाणे गोळ्या हव्यात का, सासूबाईंच्या चालू औषधांबरोबर त्या जमतील का, हे विचाराच. गोळ्या नकोतच असं ठरलं, तर आडो हत्ती उद्यान किंवा मादिक्वे बघा, तिथे मलेरिया नाही.

गोदाकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तुमचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. बकऱ्यांचा मनोरा मंजूर झाला आणि पेंग्विनला पहिल्यांदाच स्पर्धक मिळाला. मेचा दुसरा-तिसरा आठवडा जवळजवळ पक्का. केपटाऊन पाच रात्री, फ्रान्शहुक दोन, क्रुगर चार, आणि एक रात्र हातची. दिरांनी "जा बिनधास्त, पण तिथली छाटणी बघून या" असं सांगितलंय.

आता एकच गाडं अडलंय. केपटाऊनहून स्कुकूझाला थेट विमान आहे, पण चौघांचं भाडं बघून छातीत धस्स झालं. जोहान्सबर्गपर्यंत स्वस्त विमानाने जाऊन पुढे गाडीने गेलो तर सासूबाईंना झेपेल का?

गोरखचिंच

झेपेल. पाच तासांच्या आसपास लागतात, रस्ता चांगला आहे, वाटेत टोल आणि स्वच्छ थांबे आहेत. फक्त त्याच दिवशी केपटाऊनहून उडून लगेच निघू नका. दिवस लहान असतात, दरवाजा बंद व्हायच्या आत पोचणं कठीण, आणि अंधारात इथल्या हायवेवर गाडी चालवू नये असं आम्ही इथलेही मानतो. हातची रात्र जोहान्सबर्ग विमानतळाजवळ काढा, सकाळी लवकर निघा. वाटेत थांबलात तर बॅगा सीटवर दिसतील अशा ठेवू नका, सगळं डिकीत.

भारतात परतायचं तिकीटही जोहान्सबर्गहूनच काढा, म्हणजे पुन्हा केपटाऊनला जायला नको. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट मिळालं, तर पैसे भरण्याआधी पीतज्वराच्या लसीचा नियम बघून घ्या. दुबई किंवा दोहामार्गे तो प्रश्न येत नाही.