कमी उत्सर्जन क्षेत्रात कॅमेरे गाडी नेमकी कशी ओळखतात? नागपुरात हे शक्य आहे का?

महालचा रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. महाल आणि गांधीबाग भागातील आम्ही काही रहिवासी महानगरपालिकेला एक निवेदन देण्याच्या तयारीत आहोत. इतवारीपासून महालापर्यंतच्या अरुंद रस्त्यांवर जुन्या मालवाहू गाड्या दिवसभर ये-जा करतात, माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात, आणि दुकानांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांना रस्त्याकडची खिडकी उघडता येत नाही. लंडनमध्ये आहे तसे कमी उत्सर्जन क्षेत्र, म्हणजे उत्सर्जनाचे मानक न पाळणाऱ्या गाड्यांवर शुल्क किंवा निर्बंध असलेला भाग, येथे जाहीर करावे आणि जुन्या गाड्यांना कॅमेऱ्यांद्वारे दंड करावा, अशी मागणी निवेदनात घालावी असे काहींचे म्हणणे आहे. चौकाचौकांत कॅमेरे आधीच असल्यामुळे वेगळा खर्च फारसा येणार नाही, असेही सांगितले जाते.

सही करण्यापूर्वी मला ही यंत्रणा समजून घ्यायची आहे. कॅमेरा गाडीचा धूर मोजतो, की आणखी काही पाहतो? चुकीचे चलान आले तर नागरिकाने काय करायचे? आणि ज्यांच्या गाड्या नियमात बसतात, त्यांच्या ये-जा करण्याच्या नोंदींचे पुढे काय होते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लंडनस्थित नागपूरकर

नमस्कार. मी मूळचा रामदासपेठेतला असून सध्या लंडनमध्ये वाहतूक यंत्रणांच्या सॉफ्टवेअरचे काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू मांडण्याचा प्रयत्न करतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की कॅमेरा धूर मोजत नाही. तो फक्त नंबरप्लेट वाचतो. गाडीच्या दिशेने डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकला जातो, परावर्तक प्लेट तो परत फेकते, आणि अत्यंत कमी वेळ उघडणाऱ्या शटरमुळे वेगात जाणाऱ्या गाडीचा क्रमांकही रात्रीच्या अंधारात स्वच्छ टिपला जातो. सोबत गाडीचे आणि परिसराचे दुसरे छायाचित्र घेतले जाते. सॉफ्टवेअर प्लेटवरची अक्षरे ओळखते, वाचन कितपत खात्रीचे आहे याचा अंदाज नोंदवते, त्याला वेळ आणि ठिकाण जोडते आणि हे सर्व मुख्य यंत्रणेकडे पाठवते. तेथे तो क्रमांक वाहन नोंदणीच्या माहितीशी ताडून पाहिला जातो, आणि गाडी ‘चालेल’ की ‘चालणार नाही’ हे ठरते ते नोंदणीतल्या इंधनाच्या प्रकारावरून आणि उत्सर्जन मानकावरून. म्हणजे त्या दिवशी गाडीने प्रत्यक्षात किती धूर सोडला, याचा या निर्णयाशी संबंध नसतो. निगा न राखलेली पण कागदोपत्री नवी असलेली गाडी सुटते, आणि उत्तम राखलेल्या जुन्या डिझेल गाडीला पैसे भरावे लागतात. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे आणि ती निवेदन देणाऱ्यांनी मान्य करूनच पुढे जायला हवे.

लंडनमध्ये २००३ साली गर्दी शुल्क (गर्दीच्या मध्यभागात गाडी आणण्याचे शुल्क) सुरू झाले तेव्हापासून ही नंबरप्लेट वाचण्याची पद्धत वापरात आहे. अवजड वाहनांसाठीचे कमी उत्सर्जन क्षेत्र २००८ मध्ये आले, आणि मोटारींनाही लागू होणारे अतिकमी उत्सर्जन क्षेत्र ८ एप्रिल २०१९ रोजी शहराच्या मध्यभागात सुरू झाले. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये वाढवले गेले आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागांमध्ये, लागू झाले. पेट्रोल गाडीसाठी युरो ४, डिझेलसाठी युरो ६ आणि मोटारसायकलसाठी युरो ३ ही अट आहे (‘युरो’ ही युरोपातील उत्सर्जन मानके, आकडा जितका मोठा तितके मानक कडक). अट न पाळणाऱ्या मोटारीला दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. येथे लक्षात घ्यावे की ही प्रवेशबंदी नाही. शुल्क भरून कोणीही जाऊ शकतो. प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत शुल्क भरले नाही, तर १८० पौंडांचा दंड येतो, तो १४ दिवसांत भरल्यास निम्मा होतो.

दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असा मोजतात. एका दिवसात गाडी कितीही कॅमेऱ्यांना दिसली, तरी त्या सर्व नोंदी एकत्र करून शुल्क एकदाच लागते. कॅमेरे केवळ सीमेवर नसून आतल्या रस्त्यांवरही असतात, त्यामुळे क्षेत्रात राहणारा माणूस आपली गाडी आतल्या आत फिरवतो तेव्हा त्यालाही शुल्क लागते. मात्र दिवसभर जागेवर उभ्या असलेल्या गाडीला काहीही लागत नाही. आपल्या प्रश्नातील इंजिन चालू ठेवून उभे राहण्याचा त्रास म्हणूनच या यंत्रणेने परस्पर मिटणार नाही. त्यासाठी रस्त्यावर कोणीतरी प्रत्यक्ष उभे राहून तो थांबवावा लागेल.

प्रत्यक्ष धूर मोजणारी पद्धतही जगात आहे. हाँगकाँगमध्ये सप्टेंबर २०१४ पासून रस्त्याच्या कडेला बसवलेल्या उपकरणांनी धावत्या पेट्रोल आणि एलपीजी गाड्यांचे उत्सर्जन तपासले जाते. मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीच्या मालकाला सूचना जाते आणि त्याला ठरलेल्या मुदतीत केंद्रावर चाचणी उत्तीर्ण व्हावे लागते. त्या पद्धतीतही मालक शोधायला शेवटी नंबरप्लेटच लागते.

निवृत्त कर्मचारी, परिवहन

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. त्यातील एका वाक्यावर मी अधिक बोलू इच्छितो, ते म्हणजे नोंदणीशी ताडून पाहण्याचे. कॅमेरा कितीही चांगला असला, तरी त्याच्यामागची नोंदवही अपुरी असेल, तर दंड चुकीच्या दारात जातो.

आपल्याकडे ही नोंदवही म्हणजे ‘वाहन’ ही वाहन नोंदणीची संगणकीय प्रणाली. नागपूर शहरातील एमएच ३१ आणि एमएच ४९, तसेच ग्रामीणची एमएच ४०, या सर्व मालिकांची माहिती तिच्यात आहे. परंतु जुन्या कागदी नोंदवह्यांवरून जी माहिती पुढे संगणकात आली, तिच्यात उत्सर्जन मानकाचा रकाना रिकामा असल्याचे मी नोकरीत असताना पाहिले आहे. गाडी विकली गेली, पण नाव बदलले नाही. पत्ता बदलला, पण कळवला नाही. नंतर सीएनजी संच बसवला, पण नोंद केली नाही, असे प्रकारही आढळतात. नेमक्या ज्या जुन्या गाड्यांसाठी हे क्षेत्र आखायचे, त्यांचीच माहिती सर्वांत कच्ची असते.

दुसरा विषय प्लेटचा. नियमाप्रमाणे क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहायचा आहे. तरीही देवनागरी अंकांच्या, नक्षीदार वळणाच्या, अंकांतून नाव वाचता यावे अशा रीतीने लिहिलेल्या प्लेट आपण रोज पाहतो. मालवाहू गाड्यांच्या मागच्या प्लेट चिखलाने भरलेल्या किंवा साखळीआड गेलेल्या असतात. १ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा प्लेट उत्पादकाकडूनच मिळते. ठरावीक वळणाची अक्षरे आणि परावर्तक पृष्ठभाग यांमुळे ती कॅमेऱ्याला सहज वाचता येते. जुन्या वाहनांना ती बसवण्याची मोहीम पूर्ण होईपर्यंत वाचनातील चुका जुन्या गाड्यांच्याच वाट्याला अधिक येणार.

मानकांविषयीही स्पष्टता हवी. ‘युरो’सारखीच आपल्याकडे ‘भारत स्टेज’ म्हणजे बीएस मानके आहेत. देशभरात बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. लंडनची अट जशीच्या तशी उचलली, तर एप्रिल २०२० पूर्वी विकलेली जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडी अटीबाहेर जाईल, मग ती मालकाने कितीही जपलेली असो. निवेदनात ‘जुन्या गाड्या’ असा मोघम शब्द न घालता, कोणते मानक आणि कोणत्या प्रकारचे वाहन, हे लिहावे.

दिल्लीचे उदाहरण ताजे आहे. तेथे १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधन नाकारण्यासाठी पेट्रोलपंपांवर प्लेट वाचणारे कॅमेरे लावले गेले. काही दिवसांतच दिल्ली सरकारने कॅमेऱ्यांतील तांत्रिक त्रुटी आणि शेजारच्या राज्यांच्या माहितीशी न झालेली जोडणी ही कारणे देऊन अंमलबजावणी थांबवण्याची मागणी केली, आणि ती पुढे ढकलली गेली. नागपुरात तर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या मालगाड्या रोज येतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही पहिल्याच दिवशी भेटेल.

इतवारीचा व्यापारी

मी इतवारीत धान्याचा व्यवसाय करतो. माझ्याकडे एक जुना डिझेल टेम्पो आहे, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. धूर आम्हालाही नको. दुकानात दिवसभर आम्हीच बसतो, हमाल आमचेच आहेत आणि त्यांच्या छातीत काय जाते ते आम्ही पाहतो.

पण कळमन्याहून माल आणणारा टेम्पोवाला स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असतो. त्याला रोजचे शुल्क लावले, तर तो ते भाड्यात घालील, नाहीतर धंदा सोडील. लंडनने जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांना पैसे दिले, असे ऐकले आहे. तसे काही येथे न करता केवळ कॅमेरे बसवले, तर आमच्या बाजारातून या मागणीला विरोध होणार, आणि तो रास्त असेल. पहिली दोन वर्षे केवळ सूचना पाठवाव्यात, दंड लावू नये, आणि त्या काळात विजेवर चालणाऱ्या मालवाहू तीनचाकींसाठी बाजाराजवळ चार्जिंगची सोय करावी. असे लिहिले, तर माझी पहिली सही घ्या.

लंडनस्थित नागपूरकर

भाऊ, आपण ऐकले ते बरोबर आहे. लंडनच्या योजनेत नियमात न बसणारी मोटार मोडीत काढणाऱ्या पात्र रहिवाशाला २,००० पौंड आणि मोटारसायकलसाठी १,००० पौंड दिले जात होते. लहान व्यावसायिकांच्या व्हॅनसाठी स्वतंत्र रक्कम होती. २०२३ च्या विस्ताराला बाह्य लंडनमध्ये तीव्र विरोध झाला, अनेक कॅमेऱ्यांची मोडतोड झाली. त्या विरोधात कष्टाने गाडी घेतलेल्या माणसांची भीतीही होती, आणि मदतीची व्याप्ती सर्व लंडनकरांपर्यंत वाढवली गेली तीही या वादाच्या काळातच. आपल्याकडे क्रम उलटा असावा, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटते.

सिव्हिल लाइन्सच्या वकील

चुकीचे चलान आणि नोंदींचे जतन या दोन प्रश्नांना अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६अ मध्ये इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद आहे, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घालण्यात आला. त्या अधिसूचनेप्रमाणे उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक ठळकपणे लावावा लागतो, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते. अधिसूचनेतील शहरांच्या यादीत नागपूरचा समावेश आहे. त्यातील गुन्हे मात्र वेगमर्यादा, लाल दिवा, हेल्मेट, सीटबेल्ट अशा स्वरूपाचे आहेत. विशिष्ट मानकाखालील गाडीने विशिष्ट भागात येऊ नये, असे म्हणायचे असेल, तर आधी राज्य शासनाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाला कलम ११५ खाली तसा निर्बंध घालावा लागेल. म्हणून निवेदन केवळ महानगरपालिकेला देऊन भागणार नाही. ते परिवहन आयुक्तांकडे आणि वाहतूक पोलिसांकडेही जायला हवे.

हरकतीच्या बाबतीत लंडनची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तेथे गाडीमालक आधी दंड लावणाऱ्या संस्थेकडेच म्हणणे मांडतो, आणि ते फेटाळले गेले, तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. दंड लावणारा आणि अपील ऐकणारा वेगळा असणे, हे मला कॅमेऱ्याच्या अचूकतेइतकेच महत्त्वाचे वाटते. एखाद्याने दुसऱ्याच्या क्रमांकाची बनावट प्लेट लावली, तर खऱ्या मालकाकडे स्वतःला सोडवण्यासाठी छायाचित्राशिवाय दुसरा पुरावा क्वचितच असतो. गाडीचा रंग, कंपनी आणि मॉडेल दिसेल असे पूर्ण छायाचित्र प्रत्येक चलानासोबत देणे बंधनकारक असावे, अशी ओळ निवेदनात अवश्य घाला.

नोंदींविषयी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा मार्च २००८ चा निकाल पाहावा. नंबरप्लेट वाचून ताडल्यावर ज्या गाडीबाबत काहीही आक्षेपार्ह निघाले नाही, तिची नोंद मागे न ठेवता तत्काळ पुसली गेली पाहिजे, अशी अपेक्षा त्यात आहे. जर्मनीतील शहरांनी त्याच वर्षापासून पर्यावरण क्षेत्रे सुरू केली, पण ती काचेवर लावायच्या रंगीत स्टिकरवर चालतात आणि तपासणी माणसे करतात. कॅमेऱ्याविनाही असे क्षेत्र चालू शकते, हे त्यावरून दिसते. आपल्याकडे इंधनानुसार निळ्या आणि नारिंगी रंगाचे, तर बीएस-६ साठी वर हिरवी पट्टी असलेले स्टिकर आधीच आहेत.

महालचा रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मसुदा आता बदलावा लागेल, हे स्पष्ट दिसते. मालवाहू वाहनांपुरती मागणी मर्यादित ठेवणे, मानक नेमके लिहिणे आणि सूचनेचा दोन वर्षांचा काळ, हे मुद्दे मी आजच्या बैठकीत मांडतो. एक शंका उरते. क्षेत्राची सीमा कोठे असावी, हे कशावरून ठरवतात?

लंडनस्थित नागपूरकर

सीमा रस्त्यांच्या रचनेवरून ठरवावी लागते. पहिला कॅमेरा येण्यापूर्वी चालकाला फलक दिसला पाहिजे, आणि फलक वाचल्यावर त्याला वळून दुसऱ्या रस्त्याने जाता आले पाहिजे. लंडनमध्ये २०२१ ची सीमा उत्तर आणि दक्षिण वर्तुळाकार रस्त्यांना लागून होती आणि ते रस्ते स्वतः शुल्कमुक्त होते, ते याच कारणाने. महालच्या बाबतीत कॉटन मार्केट, सेंट्रल अव्हेन्यू आणि ग्रेट नाग रोडवर मोठी गाडी कोठे वळू शकते, हे आधी पायी फिरून पाहा. जेथे ट्रक वळूच शकत नाही, तेथे लावलेला फलक चालकाला थेट दंडाकडे नेतो. ती ठिकाणे नकाशावर खुणा करून निवेदनाला जोडा.