सुरक्षिततेचं प्रशिक्षण आत, मावशी बाहेर

फळा_पुसणारी

मागच्या आठवड्यात ‘विद्यार्थी सुरक्षितता’ या विषयावर दिवसभराचं तालुकास्तरीय प्रशिक्षण झालं, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. दीडशेएक शिक्षक, पंखे चार, त्यातला एक बंद. पडद्यावर पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची, कलमं सरकत होती आणि मागच्या रांगेत वह्या तपासणं चाललं होतं. अकराच्या सुमारास आमच्या शाळेच्या मावशी चहा घेऊन आल्या. कप ठेवले आणि जाताना दार लोटून घेतलं, आतल्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून.

ह्याच मावशी पहिली-दुसरीच्या मुलींना बाथरूमला नेतात. नाडीची गाठ बसली की सोडवतात, उलटी झाली की तोंड धुवून देतात, व्हॅन उशिरा आली तर गेटपाशी पोरं धरून बसतात. मी दिवसभर ४० पोरांसमोर असते. एखाद्या मुलाबरोबर एकटं असण्याची वेळ माझ्यावर क्वचित येते, त्यांच्यावर दिवसातून दहा वेळा. आणि प्रशिक्षणात त्यांच्या वाट्याला काय आलं, तर चहा.

माझं म्हणणं असं की सुरुवात मावशी, शिपाई, खिचडी करणाऱ्या ताई आणि व्हॅनवाले यांच्यापासून करा. शिक्षकांचं नंतर बघू. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत (नियम ३) स्पष्ट आहे: मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेनं शिक्षक असो की शिक्षकेतर, कायम असो की कंत्राटी, सगळ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करायची आणि त्यांना वेळोवेळी प्रशिक्षणही द्यायचं. यातला ‘शिक्षकेतर’ हा शब्द आमच्याकडे दाराबाहेर उभा होता. पटत नसेल तर सांगा.

वस्तीशाळेचा_मास्तर

पटत नाही. ताई, तुम्हाला हॉल तरी आहे. आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ४३. मी ज्या दिवशी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यायला जातो, त्या दिवशी ४३ पोरं एका मॅडमच्या भरवशावर असतात. शाळेच्या मागं विहीर आहे. कठडा अर्धा. प्रशिक्षणात बसून माझं निम्मं लक्ष त्या विहिरीत.

शिपाई आमच्याकडं नाहीच, कुलूप मीच काढतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक काम शिक्षकाला लावायचं नाही. त्या ‘निवडणूक’ शब्दात बीएलओचं, म्हणजे घरोघरी फिरून मतदारयादी करायचं, काम किती मावतं ते आमच्या पायांना विचारा. त्यावर आणखी प्रशिक्षण. मग लिंक भरा, जिओ टॅग फोटो टाका, अहवाल आजच्या आज.

शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आमच्याकडं आहे. १० मार्च २०२२ च्या जीआरप्रमाणं नावांसकट बोर्ड लावलाय. तक्रारपेटीपण आहे. मागं उघडली तेव्हा चॉकलेटचे दोन कागद आणि एक चिठ्ठी निघाली: ‘म्याडम मारतात पण चांगल्या आहेत.’ अक्षर कुणाचं ते मॅडमनी दहा सेकंदांत ओळखलं. ४३ पोरांच्या शाळेत गुप्त पेटी असते का कधी? आधी तिसरा शिक्षक द्या, मग काय ते प्रशिक्षण द्या.

दोन_मुलींचा_बाप

मला तर मुळात हा विषयच कळत नाही. जो माणूस लहान पोरीला हात लावतो, त्याला ते वाईट आहे हे माहीत नसतं का? त्याला हॉलमध्ये बसवून पडद्यावर काय दाखवणार?

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलींवर जो अत्याचार झाला त्यातला आरोपी शाळेत साफसफाईच्या कामावर होता. त्याचं प्रशिक्षण राहून गेलं म्हणून ते झालं, असं कुणी माझ्यासमोर म्हणून दाखवावं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले ते प्रशिक्षणासाठी नाही, तक्रार नोंदवायलाच ताटकळत ठेवलं म्हणून. दुसऱ्याच दिवशी शासनाचा जीआर आला, महिन्याभरात खासगी शाळांत सीसीटीव्ही. ते करा. पडताळणी करा. लहान मुलींजवळ बाईमाणूसच ठेवा. बाकी सगळा चहापाण्याचा कार्यक्रम.

काळा_कोट

दोन मुलींच्या बाबांच्या संतापाशी वाद नाही, उपायांशी आहे.

पोलीस पडताळणीत आधी नोंदलेला गुन्हा दिसतो, न नोंदलेला नाही. बाथरूममध्ये कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. राहिलं बाईमाणूस. ते चांगलंच, पण मुलग्यांवरही अत्याचार होतात आणि पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

प्रशिक्षण गुन्हेगारासाठी नसतं, त्याच्या आजूबाजूच्या दहा जणांसाठी असतं. पॉक्सोचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्या कुणाला कळेल, त्यानं पोलिसांना कळवायचं. ‘ज्या कुणाला’ म्हणजे त्यात चहा देणाऱ्या मावशीही आल्या. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. बदलापुरात शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कारणानं गुन्हा दाखल झाला.

माझ्या अनुभवात शाळा पहिली गोष्ट करते ती ‘अंतर्गत चौकशी’. दोन शिक्षक, एक विश्वस्त, समोर मूल. आरोपीला मात्र सावरायला चार दिवस मिळतात. चौकशी हे शाळेचं काम नाही, हे एवढं एकच वाक्य जरी तुमच्या त्या दिवसभराच्या प्रशिक्षणातून डोक्यात राहिलं तरी मी त्याला यशस्वी म्हणेन.

दोन_मुलींचा_बाप

वकीलसाहेब, कलम सांगून माणूस हुशार होतो, धीट होत नाही. शाळेत बहुतेक वेळा सगळ्यांना सगळं माहीत असतं.

पीटीचे_सर

एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. शिव्या पडतील, पडू देत.

मी २२ वर्षं मैदानावर आहे. परवा खो-खोच्या सरावात सातवीतली मुलगी पोल मारताना पडली, गुडघा फुटला. मी धावलो आणि दोन हात अंतरावर थांबलो. ती रडतेय आणि मी आठवीच्या मुलींना हाका मारतोय, ‘हिला उचला गं.’ दहा वर्षांपूर्वी मी तिला उचलून नळावर नेलं असतं. आमच्या प्रशिक्षणात तासभर काय करू नये हेच सांगितलं. जखम झाली तर काय करायचं, हा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालं, ‘सर, शक्यतो टाळा.’

काय टाळा? पोर पडलेलं?

समुपदेशक_ताई

सर, शिव्या कशाला? तुमचा प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकीचं मिळालं. चारचौघांसमोर, ‘मी तुला उचलतोय हं’ असं सांगून जखमी मुलाला उचलणं यात गैर काहीच नाही. लपून, गरज नसताना आणि मूल अंग चोरत असताना केलेल्या स्पर्शाबद्दल सगळं बोलणं आहे. मुलांनासुद्धा आता आम्ही चांगला-वाईट स्पर्श म्हणत नाही, सुरक्षित-असुरक्षित म्हणतो. इंजेक्शन वाईट वाटतं पण सुरक्षित असतं, आणि लाडानं केलेला एखादा स्पर्श असुरक्षित असू शकतो. ज्यांनी तुम्हाला ‘टाळा’ सांगितलं त्यांनी बहुधा स्वतःचा बचाव शिकवला, मुलांचा नाही.

मी शाळांमधून ही सत्रं घेते. दीड तास पुरतो, पडदा लागत नाही. दोघादोघांना समोरासमोर बसवायचं, एकानं मूल व्हायचं. मूल काहीतरी अर्धवट बोलणार, समोरच्यानं ऐकायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळेच तीन चुका करतात: ‘खरंच का?’ विचारतात, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देतात आणि उत्तर स्वतःच सुचवतात. तिसऱ्या फेरीपर्यंत गप्प बसायला शिकतात. ‘तू सांगितलंस ते चांगलं केलंस, पुढं?’ एवढंच. मग मुलाचे शब्द जसेच्या तसे कागदावर, त्याच दिवशी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी ते शब्द जिला सांगायचे, ती व्यक्ती आधीच ठरलेली हवी. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ सगळ्यांना पाठ हवा. मावशी हे शिक्षकांपेक्षा लवकर शिकतात, कारण त्यांना भाषण द्यायची सवय नसते.

पण फळा_पुसणारी, ‘शिक्षकांचं नंतर बघू’ याला माझा विरोध आहे. मावशींनी ऐकलं आणि वरच्यानं घाण केली, तर आधी न ऐकलेलं परवडलं.

आणि हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी निर्देश दिले: वर्षातून किमान दोनदा, शिक्षक आणि शिक्षकेतर दोघांनाही, तज्ज्ञांकडून मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं समुपदेशक.

वस्तीशाळेचा_मास्तर

१००! आमचा पट ४३. म्हणजे आमच्या पोरांना मन नसतं.

समुपदेशक_ताई

लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात आहे. तुमच्या तालुक्यात ते तज्ज्ञ कुठं आहेत हे विचाराल, तर मास्तर, तिथं मी गप्प.

फोंड्याहून

आमच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळातर्फे शाळांत समुपदेशक येतात. आमच्या शाळेत येणारी बाई फार चांगली. पण ती येते त्या दिवशी मुलांना काही होत नाही आणि होतं त्या दिवशी ती दुसऱ्या शाळेत असते. तेव्हा शेवटी जे रोज असतात त्यांनाच शिकवावं लागणार, असं मला दिसतं.

फळा_पुसणारी

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. समुपदेशक ताईंचं ते ‘वरच्यानं घाण केली’ वाचून लिहिते. ती वरची मीच.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसरीतल्या एका मुलीनं खिचडी घेताना मावशींना सांगितलं, ‘मला शेवटी नाही उतरायचं.’ बस, एवढंच. मावशींनी ते धरलं. ती पोर व्हॅनमधून रोज शेवटी उतरते, शेवटची दहा मिनिटं गाडीत एकटी असते, हे त्यांना माहीत होतं. मी वर्गशिक्षिका, मला नव्हतं. त्या ओले हात पदराला पुसत वर्गाच्या दारात आल्या आणि हळूच मला सांगून गेल्या.

मी काय केलं? तिला जागेवर उभं केलं. ‘काय गं, व्हॅनवाले काका ओरडतात का?’ सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. ती म्हणाली, ‘नाही.’ मग मी ऑफिसला कळवलं. ऑफिसनं व्हॅनवाल्याला बोलावून विचारलं, तोही ‘नाही’ म्हणाला. दोन ‘नाही’ मिळाल्यावर सगळे मोकळे झाले. व्हॅनचा फेरा उलटा करून घेतला, ती पहिली उतरायला लागली. मला वाटलं मी काम केलं.

आता शेवटी कोण उतरतं, हे मी त्या वर्षभरात एकदाही विचारलं नाही. जूनमध्ये तिच्या आईनं दाखला नेला. काही झालं होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही.

तेव्हा ‘शिक्षकांचं नंतर बघू’ हे मी मागे घेते. मावशींचं मात्र सोडत नाही.

दोन_मुलींचा_बाप

मॅडम, हे लिहायला छाती लागते. पण राग आला, तोही खरा. माझी धाकटी व्हॅननं जाते. आत्ता तिला विचारून आलो, शेवटी कोण उतरतं. ती म्हणाली, ‘मला काय माहीत, माझं घर आधी येतं.’

वस्तीशाळेचा_मास्तर

माझं मत बदललं नाही, पण दोन व्यवहाराचे प्रश्न. खिचडीच्या ताईला महिन्याला २,५०० रुपये मानधन. तिला प्रशिक्षणाला तालुक्याला नेलं तर एसटीचं भाडं कोण देणार आणि त्या दिवशी खिचडी कोण शिजवणार? दुसरं, ११ डिसेंबर २०२० च्या जीआरनं अनुदानित शाळांतली शिपायांची पदंच जायला लागली, त्याजागी शिपाई भत्ता. ग्रामीण भागात ५,००० रुपये. त्या पैशात माणूस टिकतो किती? आज शिकवलेला दिवाळीनंतर गवंड्याच्या हाताखाली.

फळा_पुसणारी

तालुक्याला न्यायचं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, आमच्याच वर्गात, दीड तास. समुपदेशक ताई यायला तयार आहेत. टिकत नाहीत म्हणता तर दर सहा महिन्यांनी घेऊ, न्यायालयानंही दोनदाच म्हटलंय.

काल मावशींना विचारलं. मला वाटलं, लिहायला लागेल का, असं विचारतील. त्यांनी विचारलं, ‘बाई, सांगितलं कुणी ते वर कळतं का?’

काळा_कोट, काय सांगू?

काळा_कोट

कलम १९(७). सद्हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही. भत्त्यावरचं काम जाणार नाही, असं मात्र त्यात कुठं लिहिलेलं नाही. व्हॅन कुणाची आहे?

फळा_पुसणारी

तोच माणूस चालवतो अजून. गाडी सेक्रेटरींच्या भावाच्या नावावर आहे.