अनुभव धागा: सभेत टाळ्या पडल्या, मत दिलं, मग पुढे?

खाडीकाठ
परवा शृंगारतळीच्या बाजारात प्रचाराचा टेंपो उभा होता. भोंग्यातून तोच चढा आवाज, अमक्याला बुडवू, तमक्याला गाडू. एकदम १९९५ आठवलं. आम्ही गुहागरचे. "एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू" ही घोषणा तेव्हा पोरासोरांच्या तोंडी होती. एन्रॉन म्हणजे इथे वीजप्रकल्प उभारणारी अमेरिकी कंपनी. अंजनवेलकडे जमिनी गेलेल्या, पाण्याची नि मच्छीची धास्ती, धड उत्तर कुणी देत नव्हतं. काका सभेहून आले ते घसा बसवूनच. सत्ता बदलली, ऑगस्टात करार रद्दही झाला. पुढच्याच वर्षी नव्या अटींवर तोच प्रकल्प परत, दुसऱ्या टप्प्यासकट. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर १९९७ मध्ये लाठ्या पडल्या त्या याच नव्या राज्यात.

काकांनी तरी पुन्हा मत त्यांनाच दिलं. विचारलं तर म्हणाले, "बाकीचे आपलं नावही घेत नाहीत रे. त्याने निदान आपल्या वतीने शिव्या तरी घातल्या." मला हे आजही खुपतं, कारण काका खोटं बोलत नव्हते.

तुमच्या घरात, वाडीत काय झालं ते लिहा. पक्षाचं नाव नको.

सुरंगी
मालवणातून. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ओढायला अख्खी वाडी लागते आणि हल्ली वाट्याला येतात टोपलीभर पेडवे. पुढारी आले, म्हणाले सगळं परराज्यातल्या बोटींनी नेलं, त्यांना पिटाळू. किनारा दणाणला. परराज्यातल्या बोटी येतात हे खरंच आहे. पण पर्ससीनवाले, म्हणजे माशांचा थवाच घेरणारी मोठी जाळी टाकणारे, आपल्या किनाऱ्यावरचेही आहेत, त्यातले दोघे त्याच मंचावर खुर्चीत बसलेले! २०१६ ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ ला केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. रात्री बंदरावर उभं राहिलं की समुद्रात उजेड दिसतोच. गस्तीला बोटी किती, याबद्दल भाषणात एक शब्द नाही.

आईला म्हटलं, कळत नाही का तुला? तर, "तो खोटा बोलता ह्या माका कळता. पण आमच्या दारात तोच येता."

पेजभात
सुरंगी, आईंना नमस्कार सांग. कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. आमच्याकडे सासरे आणि नवरा दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर व्हॉट्सॲपवरचा एक व्हिडिओ. गणपतीत आरतीला शेजारी उभे राहिले, पण बोलले नाहीत. हे जास्त लागतं मनाला.

निवृत्त_मास्तर
इतिहास शिकवला, म्हणून थोडं लांबतं. लोक मूर्ख असतात म्हणून असल्या भडकवणाऱ्यांना निवडतात, हे मला कधीच पटलं नाही. जर्मनीत १९२८ ला नाझींना २.६ टक्के मतं होती. मग मंदी आली, साठेक लाख लोक बेकार झाले, जुलै १९३२ ला मतं ३७.३ टक्क्यांवर गेली. नोव्हेंबरात उलट ३३.१ पर्यंत उतरली. म्हणजे खुल्या निवडणुकीत बहुमत कधीच नव्हतं. जानेवारी १९३३ मध्ये हिटलरला चान्सलरची खुर्ची दिली ती जुन्या मुरब्बी पुढाऱ्यांनी, याला आपण मुठीत ठेवू अशा भरवशावर. मतदाराला बोल लावताना हेही सांगावं.

आमच्या मंडणगडातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे वर्गात शिकवलं तेव्हा एक पोरगा उठला. "गुरुजी, नियमाने चालणाऱ्यांनी आमचा हायवे केला का? मग नियम मोडणारा का नको?" त्याचे वडील रिक्षा चालवतात, खड्ड्यांनी पाठ गेलेली. त्याला गप्प बसवणं सोपं होतं, मी बसवलं नाही. तासभर बोललो आम्ही. त्याचा राग रास्तच आहे. पण नियम मोडणाऱ्याला उद्या हिशेब विचारायचा कुठल्या नियमाने, हा माझा प्रश्न त्यालाही टाळता आला नाही.

चाकरमानी_लालबाग
मास्तर 🙏 आजोबा गिरणीत, १९८२ च्या संपात सगळं गेलं. नंतर जो तो पुढारी चाळीत येऊन सांगायचा, तुमच्या पोरांची नोकरी अमक्या लोकांनी खाल्ली. आजोबांना ते पटायचं, कारण ते अमके लोक रोज लोकलमध्ये दिसायचे. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर बांधणारे कुठे दिसत होते?

बाकी तुतारी एक्स्प्रेसचं गणपतीचं तिकीट कुणाला मिळालं का? माझं वेटिंग १८७.

भरतीओहोटी
नाही मिळालं. रेल्वेवरून आठवलं, बोलणारा प्रत्येक जण भडकवणारा नसतो हो. आपले जुने खासदार नाथ पै, त्यांची भाषणं ऐकायला आमचे बाबा चालत जायचे. आणि त्यांच्यानंतरचे खासदार, रेल्वेमंत्री झालेले मधु दंडवते! दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे, कोकण रेल्वेसाठीही झटले. पाच वेळा निवडून दिलं आणि १९९१ ला आपणच पाडलं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

पेजभात
माझे आजोबाही दंडवत्यांचे! तुमचं गाव कुठलं?

भरतीओहोटी
कणकवलीजवळ. तुमचं?

खाडीकाठ
गप्पा चालू द्या, पण कुणी नंतर जाऊन जाब विचारलाय का?

सुरंगी
आमच्या वाडीतल्या बायकांनी विचारला, ग्रामसभेत. नळपाणी योजनेचा खर्च मागितला. पहिल्यांदा "गावाची बदनामी करता" म्हणून आरडाओरडा. ज्यांच्यासाठी आम्ही घोषणा दिल्या होत्या तेच ओरडत होते. पुढच्या वेळी गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी ती लागते. मग आम्हीच घरोघर फिरून माणसं गोळा केली.

चाकरमानी_लालबाग
हिशेब मिळाला?

सुरंगी
अर्धा. उरलेल्यासाठी लेखी अर्ज दिलाय. कुणी देणार असाल तर दोन प्रती काढा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही.