सात नटांनी सोलापूरचं १९३० उभं करावं का?

गिरणीचा नातू
परवा इथे एकांनी लिहिलं, ‘हौशी पोरांनी इतिहासावर स्वतःची नाटकं लिहू नयेत. त्याला शंभर माणसं, घोडे, मोठं नेपथ्य लागतं. सात जणांनी काळ्या पडद्यापुढे लष्करी कायदा दाखवणं ही हुतात्म्यांची विटंबना आहे.’ दोन रात्री हे डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. ती सात पोरं म्हणजे आम्ही.

१२ मे ते ३० जून १९३० सोलापुरात लष्करी कायदा होता. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिपाई अडवायचे. ही भीती घराघरांत होती, तिला घोडे कशाला हवेत? आमच्या नाटकात एक बाई भाकरीच्या टोपल्यात तळाशी नवऱ्याची टोपी लपवते. दारावर थाप पडते. ती दार उघडत नाही, भाकऱ्या मोजत बसते. एक, दोन, तीन... तिसरीला हात थरथरतो. हा हात चाळिसाव्या रांगेतून कोणाला दिसेल? आमचे प्रेक्षक आठ फुटांवर बसतात.

पार्क चौक
ती पोस्ट माझी, आणि शब्द मागे घेत नाही. टोपल्याचा प्रवेश चांगला असेल. पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली ती मंगळवार पेठ चौकीतल्या पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात. त्या दिवशी चौकीपाशी काय घडलं ते तुम्ही रंगवणार? कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र काढायचे, त्यांच्या तोंडी तुमची वाक्यं घालणार? मी शाळेत असल्यापासून १२ जानेवारीला या चौघांच्या पुतळ्यापाशी जातो. वडील बोट धरून न्यायचे. उद्या माझा नातू तुमचं वाक्य त्यांचं समजून पाठ करेल, त्याची जबाबदारी कोणाची?

गिरणीचा नातू
चौघांपैकी एकही आमच्या रंगमंचावर येत नाही. नाटक त्यांच्या शेजाऱ्यांचं आहे. पोस्ट टाकण्याआधी एवढं विचारलं असतं तर?

विंगेतली
संस्था लहान का राहते तेही बोला. नाट्यगृहाचं भाडं, लाइट, साउंड, टेम्पो. नवीन नाटकाला तिकीट काढून पन्नास माणसं येत नाहीत. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये तालमी करतो, परीक्षा आल्या की गच्चीवर. इतिहास कसा दाखवावा हे सांगायला सगळे येतात, पहिल्या प्रयोगाला कोणी येत नाही.

पूर्व भाग
माझा राग वेगळाच आहे. १९३० च्या गिरणी कामगारांना नाटकात पुण्याची मराठी बोलायला लावतात! पूर्व भागात घराघरांत तेलुगू, बाजारात कन्नड, मोहल्ल्यात उर्दू, आणि चौकात ‘काय करलालास बे?’ हे सगळं काढून टाकलं तर सोलापूर कशात राहिलं?

शुद्धमती
भाषेचं स्तोम माजवू नका. नाटक सगळ्या महाराष्ट्राला कळायला हवं. बोलीत लिहिलं की लोक हसतात आणि गंभीर प्रसंग वाया जातो. हे मी स्वतः पाहिलंय.

पूर्व भाग
लोक का हसतात? कारण आजवर बोली फक्त नोकराच्या आणि विनोदी पात्राच्या तोंडी दिलीत. एका स्पर्धेत आमच्या नटीला परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘आधी मराठी शिका.’ तिची आजी विडी वळायची, आई विडी वळते. त्या रात्री ती एसटी स्टँडवर रडत बसली होती. नंतर तिने नाटक सोडलं. शुद्ध भाषेपायी आम्ही एक माणूस गमावलं.

शुद्धमती
त्या मुलीबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका परीक्षकाच्या उद्धटपणाचा राग माझ्यावर काढू नका. मी तीस वर्षं मराठी शिकवली आहे, कोणाचा अपमान करून नाही.

पूर्व भाग
तीस वर्षांत एकदा तरी वर्गात विचारलंत का, घरी कोणती भाषा बोलता?

शुद्धमती
नाही विचारलं. विचारायला हवं होतं.

विंगेतली
मूळ विषय राहिला बाजूला. आमच्या टोपल्याच्या प्रवेशात बाई तेलुगूत मोजते. ओकटी, रेंडू, मूडू. पहिल्या वाचनाला एका मोठ्या रंगकर्मींनी ते मराठी करायला सांगितलं होतं. केलं, आणि प्रवेश मेला. माणूस घाबरला की घरच्या भाषेतच मोजतो. परत तेलुगू केलं.

पार्क चौक
आकडे तेलुगूत हे मला सुचलं नसतं. आमच्या जुन्या वाड्यात पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, कुटुंब होतं, त्यांच्या आजी मागावर बसून अशाच मोजायच्या. ‘विटंबना’ हा शब्द जास्त झाला, तेवढा मागे घेतो. चौकीबद्दलचं म्हणणं कायम आहे. शेजारी दाखवा नाहीतर कोणीही, त्या दिवशी पोलीसही मेले हे गाळलंत तर मी प्रयोगानंतर उभा राहून बोलेन.

गिरणीचा नातू
गाळलेलं नाही. दुसऱ्या अंकात एका शिपायाची बायको येते. तिच्या वाक्यांवरून आमच्यातच तीन महिने भांडण चाललंय. रविवारी संध्याकाळी तालमीला या आणि तेव्हाच बोला, प्रयोगापर्यंत थांबू नका.

पार्क चौक
येतो. खुर्ची लागेल, गुडघे दुखतात.