मदत हवी आहे: वाकूवर मेसेज घरात जातो, काटोलला पोचत नाही

मृगबहार, नागपूर
चार दिवसांपासून अडकलोय आणि आंबियाची तोडणी तोंडावर आली. संत्र्याच्या बागेचा सौदा ठरवायचं ॲप बनवून राहिलो. इसाराची रक्कम इथेरियम ब्लॉकचेनच्या टेस्टनेटवर (चाचणीचं नेटवर्क, खरे पैसे नाहीत), भावाची बोलणी वाकूवर (मधे कोणा एकाचा सर्व्हर न ठेवता निरोप पोचवणारं नेटवर्क). घरच्या जुन्या पीसीवर दोन टॅबमध्ये मेसेज झटकन येतो. काटोलला बाबांनी फोनवर उघडलं की नुसतं चाक फिरत राहतं. काय चुकून राहिलं?

नोडवाला
अर्धीच माहिती दिली भाऊ. नोड, म्हणजे वाकूचे निरोप पुढं पोचवणारा प्रोग्रॅम, कुठं चालतो? रिले वापरतोस (सगळ्यांचे निरोप स्वतः पुढं पाठवणं) की लाइट पुश आणि फिल्टर (दुसऱ्या नोडकरवी पाठवणं आणि हवे तेवढेच घेणं)? कंटेंट टॉपिक, म्हणजे निरोपावरचं विषयाचं लेबल, दोन्हीकडे अक्षरन् अक्षर एकच आहे का?

मृगबहार
एकच आहे. लाइट पुश, फिल्टर. नोड त्याच जुन्या पीसीवर.

धरमपेठ७
एवढी भानगड काहून? मेसेज सरळ चेनवरच लिहा.

नोडवाला
मग भाव कायमचा जगजाहीर, वर दर मेसेजला गॅस, म्हणजे चेनवर लिहिण्याचं शुल्क. इथेरियमवाल्यांनीही निरोपांसाठी व्हिस्पर वेगळंच ठेवलं होतं. त्यात पाठवणाऱ्याला प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे दर निरोपाला मुद्दाम जड गणित, करावं लागे, फोनला ते झेपणारं नव्हतं. वाकू त्यातूनच आलं.

सीताबर्डीकर
मॅट्रिक्स या चॅट सिस्टिमचा स्वतःचा सर्व्हर टाका, तासाभरात काम होतं. मी दोन वर्षं चालवतोय.

मृगबहार
मधे कोणाचा सर्व्हर नकोच. मागच्या हंगामात बाबांनी एका व्यापाऱ्याला सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी चौघांच्या फोनवर होता. त्याच्या वर कोणी एक रुपया चढला नाही.

रेशीमबाग
वॉलेट परत मिळवायचे बारा शब्द कागदावर लिहून ठेवा. फोटो काढू नका.

वरुडकर
काटोलकडे यंदा फळगळ कशी आहे? आमच्याकडे फार आहे.

नोडवाला
मुद्द्यावर राहू. ॲपचं पान एचटीटीपीएसवर आहे का? राउटरमध्ये वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) कितीने सुरू होतो?

मृगबहार
हो, एचटीटीपीएस. आयपी १००.८१ ने. बाहेरून पीसीपर्यंत वाट मिळावी म्हणून पोर्ट फॉरवर्ड केलंय.

नोडवाला
सापडलं. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपनीच्या आतल्या नॅटचा, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. बाहेरचा फोन तुझ्या पीसीपर्यंत येऊच शकत नाही, पोर्ट कितीही उघड. दुसरं, एचटीटीपीएसच्या पानावरून ब्राउझर साधं डब्ल्यूएस (वेबसॉकेट, नोडशी सतत चालू राहणारी जोडणी) जोडू देत नाही. डब्ल्यूएसएस, म्हणजे त्याचंच एन्क्रिप्टेड रूप, पाहिजे, आणि त्यासाठी डोमेन आणि सर्टिफिकेट. लोकलहोस्टला (त्याच मशीनवरच्या जोडणीला) सूट असते, म्हणून पीसीवर चाललं. छोटा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घे आणि नोड तिथं चालव.

सीताबर्डीकर
म्हणजे शेवटी सर्व्हर आलाच ना!

नोडवाला
नोड आला. तो बंद पडला तर दुसऱ्या नोडला जोडता येतं, तुमचा सर्व्हर पडला की सगळंच बंद.

खामला_रात्रपाळी
एक राहिलं. फिल्टर ज्या नोडवर लावता, त्याला कळतं तुम्ही कोणता टॉपिक ऐकताय. टॉपिकमध्ये ओळख पटेल असं काही नको. मजकूरही वाकू आपोआप कुलूपबंद करत नाही, एन्क्रिप्शन ॲपनेच करायचं.

मृगबहार
टॉपिकमध्ये बागेचा गट नंबर टाकला होता. आत्ताच काढला.

मृगबहार
व्हीपीएस, डोमेन, डब्ल्यूएसएस झालं. रात्री ९ ला काटोलहून बाबांचा मेसेज आला: "जेवला का?" खूप आभार भाऊ! पण त्यांचा फोन बंद असताना मी पाठवलेले दोन त्यांना दिसलेच नाहीत.

नोडवाला
नोडवर स्टोअर (मेसेज साठवून नंतर देण्याची सोय) चालू आहे का? आणि मेसेजवर इफेमेरल (तात्पुरता अशी खूण) तर नाही लावलं? तसे मेसेज स्टोअर ठेवत नाही.

मृगबहार
इफेमेरल लावलं होतं. काढून बघतो.