संस्थेचा पगारतक्ता जिल्हा परिषदेशी लावून बघायचा तर कुणाशी लावायचा?

शहादेकरीण (शहादा)

राम राम मंडळी. शहाद्यातल्या एका छोट्या संस्थेचं काम बघते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत आमच्या मुली पाड्यापाड्यांवर कुपोषणाचं काम करतात. येत्या एप्रिलपासून पगारतक्ता नव्याने ठरवायचाय. विश्वस्तांचं म्हणणं, "आजूबाजूला काय देतात ते बघू आणि तेवढं देऊ." आता इथे आजूबाजूला म्हणजे जिल्हा परिषदच की.

पण जिल्हा परिषदेकडे बघावं तर एकाच पाड्यावर चार तऱ्हेची माणसं भेटतात. कायम आरोग्य सेविका एस-8 या वेतनश्रेणीत, म्हणजे 25500 मूळ वेतनापासून पुढे. तिच्याच शेजारी एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी सेविका. लसीकरण तेच, रजिस्टर तेच, पण पगार निराळा आणि ऑर्डर अकरा महिन्यांची. आशाताईला कामागणिक मोबदला. अंगणवाडी सेविकेला 2024 च्या वाढीनंतर 13000 मानधन, वर प्रोत्साहन भत्ता.

आमच्या कार्यकर्तीला आज 12000 मिळतात आणि समन्वयक ताईला 19000. विश्वस्त म्हणतात, अंगणवाडीच्या जवळपास आहे की, मग काय अडचण? मला हे पटत नाही. अंगणवाडी सेविकेला कमी लेखायचं नाही, तिलाच फार कमी मिळतं. पण ती आपल्या गावात बसून काम करते. आमची मुलगी धडगावहून सकाळी निघते, मोलगीकडचे पाडे करते, पावरी आणि भिली दोन्हीत आयांशी बोलते, वजन-उंची घेते, मूल फारच खंगलेलं असलं तर आईची समजूत काढून त्याला ग्रामीण रुग्णालयात दाखल करते आणि रात्री मोबाईलवर माहिती भरते. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली की कोणतं मूल कुठल्या मुक्कामावर आहे, तेही तिलाच माहीत असतं.

आणि जिल्हा परिषदेच्या भरतीची जाहिरात निघाली की आमच्या निम्म्या मुली अभ्यासिकेत. त्यांना कोणत्या तोंडाने थांबवू? कुणी असा तक्ता केलाय का? कोणतं पद कोणत्या पदासमोर ठेवायचं?

---

लेखाशीर्ष (जळगाव)

ताई, जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. सेवार्थ या सरकारी पगारप्रणालीत पगारबिलं पुष्कळ काढलीत, म्हणून सांगतो.

पदाच्या नावावरून जुळवू नका. काम, शिक्षण, फिरती आणि हाताखाली किती माणसं, या चार गोष्टी कागदावर मांडा. मग तुमच्या समन्वयक ताईंसमोर अंगणवाडीची पर्यवेक्षिका येईल आणि तिची श्रेणी एस-13 आहे, 35400 पासून. विश्वस्तांना हा आकडा कुणी दाखवला नसावा.

दुसरं, मूळ वेतन म्हणजे पगार नव्हे. 25500 वर महागाई भत्ता 55 टक्के धरला तर 14025 वाढतात, झाले 39525. घरभाडे वेगळं. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही हे खरं, मार्च 2023 चा संप त्याच्यासाठीच होता. पण राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत शासन आपल्या बाजूने मूळ आणि महागाईच्या 14 टक्के भरतं. या उदाहरणात ते महिन्याला साडेपाच हजार होतात. शिवाय धडगाव-अक्कलकुव्यासारख्या आदिवासी भागात कायम कर्मचाऱ्याला एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरची श्रेणी, आणि प्रोत्साहन भत्ता आहे. म्हणजे सातपुड्यात चढून जाण्याचे कष्ट शासनानेसुद्धा वेगळे मोजलेत. तुमच्या 12000 मध्ये यातलं काय आहे?

आकडे मिळवण्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख) मध्ये कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या 17 बाबी आहेत. नववी कर्मचाऱ्यांची यादी, दहावी प्रत्येकाचं मासिक वेतन. संकेतस्थळावर जुनं असेल तर पंचायत समितीत जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. मागताना मंजूर, भरलेली आणि रिक्त अशी तीन रकान्यांत पदं मागा, आणि कंत्राटी वेगळी. रिक्तचा रकाना फार महत्त्वाचा आहे. रिक्त पदाचं काम कुठे जात नाही, ते उरलेल्या सेविकेच्या, आशाच्या आणि तुमच्या मुलींच्या अंगावर पडतं.

संस्थांचं उलट आहे. धर्मादाय कार्यालयात लेखापरीक्षण अहवाल जातो, पण बहुतेक अहवालांत पगाराची एक ठोक रक्कम असते. त्यावरून कुणाला किती ते कळत नाही. त्यामुळे शेजारच्या दोन-तीन संस्थांना थेट विचारा आणि आपलेही आकडे त्यांना द्या.

---

पांझराकाठ (अमळनेर)

तुमनं म्हननं खरं शे, लेखाशीर्ष भाऊ. पण स्थानिक स्वराज्य संस्था म्हटली की सगळे जिल्हा परिषदेवरच थांबतात. मी ग्रामपंचायतीचा कर्मचारी आहे. पाणी सोडणं, दिवाबत्ती, घरपट्टीची वसुली, सगळं आमच्याकडे. आमच्या किमान वेतनात शासनाचा वाटा असतो, बाकी ग्रामपंचायतीने घालायचं. आणि गावाची वसुली झाली नाही की आमचा पगार लांबतो. जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन आणि चारच्या भरतीत आमच्यासाठी दहा टक्के जागा आहेत, त्या आशेवर माणूस तग धरतो.

नगरपालिकेत या. सफाईचे जुने कायम कामगार आहेत, त्यांच्या वारसांना लाड-पागे या सरकारी समितीच्या शिफारशीने नोकरी मिळते. त्याच रस्त्यावर झाडू मारणारा ठेकेदाराचा माणूस मात्र कुणाच्याच हजेरीपटावर नाही.

ताई, तुमचे विश्वस्त सरकारी तक्त्यातला सगळ्यात खालचा आकडा उचलतात आणि त्याला बाजारभाव म्हणतात. तो बाजारभाव नाही. अंगणवाडीच्या बायांनी ते 13000 मोर्चे काढून, संप करून मिळवलेत, आणि अजून त्या लढताहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून तुमच्या मुलींचा पगार अडवू नये.

---

शहादेकरीण (शहादा)

भाऊ, शेवटची ओळ मी विश्वस्तांच्या बैठकीत जशीच्या तशी वाचणार आहे.

एक खरी अडचण मांडते. आमचा पैसा दोन ठिकाणांहून येतो. नंदुरबार 2018 पासून केंद्राच्या मागास जिल्ह्यांच्या यादीत, म्हणजे आकांक्षित जिल्हा आहे, त्यामुळे कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, इकडे वळतो, पण बहुतेक प्रकल्प वर्षाचेच. दुसरी परदेशी देणगी. तिथे परदेशी देणगी कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, तेव्हापासून पगार म्हटलं की आमच्या सीएंच्या कपाळाला आठ्या. एकूण 14 माणसं आहोत. ग्रॅच्युइटी आम्हाला लागते का?

---

लेखाशीर्ष (जळगाव)

लागते. दहा किंवा जास्त माणसं असली की संस्थासुद्धा त्यात येते. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांनाही ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला, दाहोदच्या प्रकरणात. दाहोद तुम्हाला काही लांब नाही. हिशेब सोपा, पगाराला 26 ने भागून 15 ने गुणायचं. 12000 वर सेवेच्या दर वर्षामागे साधारण 6900. ही रक्कम आजपासून अंदाजपत्रकात बाजूला टाका. सीएसआरच्या प्रस्तावातही ती ओळ लिहा. कापली तर कंपनीने कापू दे, आपण आधीच गाळू नये.

भविष्य निर्वाह निधी 20 माणसांपासून सक्तीचा आहे, 14 असतानाही स्वेच्छेने घेता येतो. मी घ्या म्हणेन. भरतीची जाहिरात निघाल्यावर मुली 25500 कडे बघतात तशा या कपातीकडेही बघतात.

परदेशी देणगीबद्दल सीएंना त्याच कायद्याच्या 2011 च्या नियमांतला पाचवा नियम उघडायला सांगा. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, कारण तेच संस्थेचं काम असतं. पाड्यावर मूल तपासणारी तुमची मुलगी काय ऑफिसचा खर्च आहे? नेमणूकपत्रात आणि कामाच्या नोंदीत ती प्रत्यक्ष काय करते ते नीट लिहिलेलं असलं तर बाजू मांडता येते. आज तिच्या नेमणूकपत्रात नुसतं "कार्यकर्ती" असेल तर आधी ते बदला.

आणि पेट्रोल पगारात मिसळू नका. किलोमीटरप्रमाणे, बिलावर, वेगळं द्या. सगळ्यांना सरसकट ठरीव रक्कम लावली की ती भविष्य निर्वाहच्या हिशेबात वेतनात धरली जाऊ शकते. तक्त्याचा कच्चा मसुदा झाला की इथे टाका, नावं काढून. बेरजा मी तपासून देतो.