उत्तरेच्या हॉलमध्ये ग्रेज हिरवट दिसतोय, कोणता घ्यावा?

मृण्मयी_कोथरूड
दिवाळीआधी हॉल रंगवायचाय. तिसरा मजला, एकच मोठी खिडकी, तीही उत्तरेला, समोर गर्द रेन ट्री. खाली बिल्डरच्याच क्रीम विट्रिफाइड टाइल्स, सागवानी सोफा. शेडकार्डवर ग्रेज, म्हणजे राखाडी आणि बेजच्या मधला रंग, फार आवडला म्हणून दोन सॅम्पल आणून भिंतीवर लावली. एक दिवसा हिरवट दिसतो, दुसरा रात्री ट्यूब लावली की जांभळट. सासूबाई म्हणतात, ऑफव्हाइट द्या आणि मोकळे व्हा. मला ग्रेजच हवाय. कसं ठरवू?

सुखदा_ठाणे
आमच्या बेडरूमला आहे, पण खिडकी पश्चिमेला. दुपारनंतर छान उबदार दिसतो. तुमच्याकडे तसाच दिसेल असं मात्र नाही.

भिंतवाला
ताई, मी रंगकामाची कंत्राटं घेतो म्हणून आधी विचारतो: सध्याची भिंत कोणत्या रंगाची?

मृण्मयी_कोथरूड
लिंबू पिवळी.

भिंतवाला
मग त्या पट्ट्यांवरून काही ठरवू नका. पिवळ्याशेजारी कुठलाही राखाडी जांभळट भासतो. दोन-अडीच फुटांच्या पांढऱ्या कार्डबोर्डवर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या. मग तो बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीला, कोपऱ्यात, सोफ्यामागे असा फिरवा. सकाळी बघा, दिवे लावूनही बघा. टाइल्सवर उभा टेकवायला विसरू नका, कारण टाइल्स काही बदलणार नाहीत.

प्रत्येक ग्रेजमध्ये एखादी छटा लपलेली असते: हिरवी, गुलाबी किंवा पिवळी. कोरा पांढरा कागद शेजारी धरला की ती उघडी पडते. तुमच्या खिडकीतून थेट ऊन जवळपास येतच नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो, त्यात झाडाचा हिरवा मिसळतो. त्यामुळे हिरवी छटा असलेला शेड तिथे नको. बेजकडे झुकणारा घ्या, क्रीम टाइल्सशीही तोच जुळेल. राखाडीकडे झुकणारा क्रीमपुढे मळकट दिसतो.

शेडचा एलआरव्ही बघा. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा हा आकडा, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. तुमच्या हॉलला ६०च्या वरचाच घ्या.

आणि ट्यूब! आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे दिवे असतात. त्यांत बेज मरतो. त्याहून उबदार उजेडाचे, ३००० किंवा ४०००चे लावा, आणि हे दिवे आणूनच शेड पक्का करा.

सुखदा_ठाणे
सगळे डबे एकदमच घ्या. मशीनवर कोड तोच टाकला तरी नंतर आणलेल्या डब्यात थोडा फरक पडू शकतो. आमच्या पेंटरने सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करूनच काम सुरू केलं. आणि फिनिश मॅट, पण धुता येणारी. चकाकीत पुट्टीचा प्रत्येक खड्डा दिसतो.

भिंतवाला
बरोबर. पिवळ्यावर प्राइमरचा हात मात्र चुकवू नका. आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल आली असेल तर आधी गळती थांबवा, भिंत सुकू द्या, मग पुट्टी.

मृण्मयी_कोथरूड
भिंतवाला दादा, सुखदाताई, खूप आभार. ४०००चे दिवे लावले, बोर्ड केले. हिरवट शेड बाद. दुसरा पांढऱ्या बोर्डावर अजिबात जांभळट नाही, टाइल्सशेजारी सासूबाईंनाही आवडला. एलआरव्ही ६३. छत पांढरंच ठेवतेय. उद्या डबे आणायला जाते.